बस पिवळी झाली, पण कधी? तारखांचा एक धडा

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बहुतेकांच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य हमखास असतं : "अमुक साली मोठा अपघात झाला, त्यानंतर कायदा झाला आणि परिस्थिती सुधारली." माझ्याही मसुद्यात होतं. गाईडने त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि समासात दोनच शब्द लिहिले, 'कुठली तारीख?' मला तो शेरा उगाच वाटला होता. साल तर वाक्यातच होतं की!

तो शेरा कळायला मला बराच वेळ लागला. तुम्हाला तेवढा लागू नये म्हणून हा लेख. उदाहरण मुद्दाम लांबचं घेतलंय, अमेरिकेतल्या पिवळ्या स्कूल बसचं. कारण एकच. या विषयात प्रत्येक नियमाची तारीख नीट नोंदलेली आहे, आणि एका तारखेची किंमत किती भयंकर असू शकते तेही तिथे दिसतं.

सगळीकडे सापडणारी गोष्ट

नेटवर शोधलंत तर ही गोष्ट साधारण अशी मिळेल. १९३९ साली फ्रँक सीर नावाच्या प्राध्यापकांनी अमेरिकेतल्या स्कूल बस पिवळ्या केल्या. पुढे काही भीषण अपघात झाले, म्हणून १९७७ मध्ये कडक नियम आले. आता ती बस रस्त्यावरच्या सर्वांत सुरक्षित वाहनांपैकी एक आहे.

वाचायला छान आहे. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी. संशोधनात अशी जमून आलेली गोष्ट भेटली की थोडं सावध व्हायचं. ती खोटीच असते असं नाही. पण ती जमवताना काहीतरी गाळलेलं असतं आणि बऱ्याचदा आपला विषय त्या गाळलेल्या भागातच असतो. चला, एकेक वाक्य सोडवून बघू.

१९३९ : खोलीत कोण होतं?

आधी थोडं मागे जाऊ. मुलांना शाळेत ने-आण करण्यासाठी सरकारी पैसा खर्च करायला कायद्याने परवानगी देणारं पहिलं राज्य मॅसॅच्युसेट्स, साल १८६९. तेव्हा घोडागाड्या होत्या. इंडियानातली वेन वर्क्स ही कंपनी अशा शाळकरी गाड्या बनवायची. बाक दोन्ही बाजूंना लांबलचक, मुलं समोरासमोर बसायची आणि चढायचं मागून, म्हणजे पुढचे घोडे बुजत नाहीत. खेड्यातल्या एकशिक्षकी शाळा बंद करून मोठ्या शाळा काढायला सुरुवात झाली तशी अंतरं वाढली आणि वाहन ही गरज बनली. १९१९ पर्यंत तेव्हाच्या सगळ्या ४८ राज्यांत असा खर्च करायची कायदेशीर सोय झालेली होती.

सोय झाली, पण कशाची? कोणत्या वाहनाची? त्याबद्दल एकमत नव्हतं. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये ग्रामीण शिक्षण शिकवणारे सीर यांनी १९३७ मध्ये दहा राज्यांतल्या शालेय वाहतुकीची पाहणी केली. त्यांना सगळ्या रंगांच्या, सगळ्या आकारांच्या गाड्या दिसल्या. कॅन्ससमध्ये तर गव्हाची गाडी मुलांना नेत होती. मग रॉकफेलर निधीतून मिळालेल्या ५,००० डॉलरवर त्यांनी एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कला परिषद बोलावली. सात दिवस चालली. ४४ मानकं ठरली. रंग त्यांतलं फक्त एक होतं. बाकीची होती बसची लांबी, छताची उंची, मधल्या वाटेची रुंदी वगैरे.

आता इथे थांबा आणि विचारा, खोलीत कोण होतं? ४८ राज्यांचे शिक्षण खात्यातले लोक होते. त्यांच्यासोबत बस बनवणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर होते आणि रंग बनवणाऱ्या कंपन्यांची माणसंही होती. म्हणजे ही परिषद सुरक्षिततेची जेवढी, तेवढीच उत्पादनाचीही होती. प्रत्येक राज्य वेगळी बस मागत असेल तर कारखान्याला प्रत्येक बस वेगळी बनवावी लागते आणि ती महाग पडते. एकच नमुना ठरला तर स्वस्त. मुलांचा जीव आणि कारखान्याचा खर्च हे दोन्ही विषय एकाच टेबलावर होते. यात कुणाची लबाडी शोधायची गरज नाही. पण तुमच्या प्रकरणात फक्त एकच विषय आला, तर तुम्ही अर्धीच परिषद लिहिलीत.

रंगाचंही तसंच. भिंतीवर पिवळ्यापासून गडद नारिंगीपर्यंतच्या छटांच्या पट्ट्या लावल्या होत्या आणि त्यातून निवड झाली. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात पिवळ्यावर काळी अक्षरं स्पष्ट वाचता येतात, हा मुख्य विचार. आज मात्र तुम्हाला वाचायला मिळेल की पिवळा रंग डोळ्याच्या कडेने लवकर दिसतो म्हणून तो निवडला. डोळ्याबद्दलचं ते स्पष्टीकरण बरोबर असेलही. पण ते आपण १९३९ च्या माणसांच्या डोक्यात घालायचं का? नंतर सापडलेलं कारण आधीच्या निर्णयाला चिकटवणं, ही इतिहास लिहिताना होणारी सर्वांत सोपी चूक आहे. मीही केलीय.

आणि मग मूळ प्रश्न. बस पिवळी कधी झाली? ठरलं १९३९ मध्ये. पण परिषदेने ठरवलं म्हणून राज्यांना ते बंधनकारक नव्हतं. हळूहळू एकेका राज्याने रंग स्वीकारला, शेवटचं मिनेसोटा, १९७४ मध्ये. म्हणजे मधली पस्तीस वर्षं 'अमेरिकेतली पिवळी स्कूल बस' हे वाक्य कुठे खरं होतं, कुठे नव्हतं. तुमचं संशोधन १९५० च्या दशकातल्या एखाद्या राज्यावर असेल, तर १९३९ ही तारीख तुमच्या कामाचीच नाही. जाता जाता, त्या रंगाचं मूळ नाव 'नॅशनल स्कूल बस क्रोम' होतं. हे क्रोम म्हणजे शिसं असलेलं पिवळं रंगद्रव्य. पुढे शिसं काढलं आणि नाव बदलून 'ग्लॉसी यलो' झालं. सुरक्षिततेच्या रंगातच शिसं, हेही त्या काळाने धोका कुठे पाहिला आणि कुठे नाही याचं एक उदाहरण आहे.

१९७७ : अपघात आधी की नियम आधी?

आता दुसरं वाक्य, 'अपघात झाले म्हणून १९७७ मध्ये नियम आले.' इथे जरा सावकाश जाऊ.

१९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डर्विन सेव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसच्या प्रत्यक्ष टकरी घडवून अभ्यास केला. तेव्हाच्या सीटची पाठ बुटकी असायची, वर उघडी लोखंडी नळी. धडक बसली की मागचं मूल पुढच्या सीटच्या त्या नळीवर आदळणार. त्यांचा निष्कर्ष सोपा होता, सीटची पाठ उंच, मजबूत आणि मऊ हवी.

या कल्पनेतून पुढे जी रचना आली, ती समजायला अंड्यांचा ट्रे डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक अंडं आपल्या खळग्यात. दोन सीटमधलं अंतर कमी, पुढेही मऊ, मागेही मऊ. मूल फेकलं गेलं तरी त्या खणातच राहतं, म्हणून सीटबेल्ट नसला तरी बऱ्यापैकी वाचतं. मोठ्या बसमध्ये सक्तीचा सीटबेल्ट का नाही, हा वाद तिथे अजूनही चालू आहे. त्याचं मूळ या खणांच्या रचनेत आहे.

हा १९६७ चा अभ्यास. अमेरिकन काँग्रेसने कायदा केला ऑक्टोबर १९७४ मध्ये. त्याने केंद्रीय रस्ते सुरक्षा यंत्रणेला हुकूम दिला की स्कूल बससाठी मानकं बनवा : आतल्या भागाचं संरक्षण, सीट, बॉडीची मजबुती, इंधनाची टाकी, बाहेर पडायच्या वाटा असे आठ विषय. बस उलटली तर छप्पर किती दबू शकतं आणि सीट कशी असावी, यांचे नियम जानेवारी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. लागू होण्याची तारीख ठरली २६ ऑक्टोबर १९७६.

आणि मग २१ मे १९७६. कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीच्या हायस्कूलमधली गायनवृंदाची मुलं घेऊन निघालेली बस मार्टिनेझजवळ महामार्गावरून उतरणाऱ्या उंच रॅम्पचा कठडा तोडून खाली पडली. छपरावर उलटी पडली आणि छप्पर चेपलं. २८ विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतची एक मोठी व्यक्ती, एकूण २९ जण गेले.

तारखा परत वाचा. छपराचा नियम जानेवारीत छापला होता. अपघात मे महिन्यात झाला. म्हणजे 'युबा सिटीमुळे नियम आले' हे वाक्य, जे अनेक ठिकाणी भेटेल, क्रमाच्या पहिल्याच परीक्षेत नापास होतं. नियम कागदावर आधीच होते. आणि ते लागू असते तरी त्या बसला लागले नसते, कारण ती १९५० सालची होती आणि नवे नियम फक्त नव्या बसना.

आता तुम्हाला वाटेल, एवढ्या मोठ्या अपघातानंतर काँग्रेसने नियम तातडीने लागू केले असतील. झालं उलटं. जुलै १९७६ मध्ये, अपघाताला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा काँग्रेसने मुदत पुढे ढकलली. २६ ऑक्टोबर १९७६ ऐवजी १ एप्रिल १९७७. गोष्टीतलं '१९७७' येतं ते या मुदतवाढीतून. म्हणजे आपण ज्या सालाला सुधारणेचं साल म्हणतो, ते खरं तर उशिराचं साल आहे.

पाच महिन्यांनी काय फरक पडतो? फार नाही, असं मलाही वाटलं होतं.

मार्च १९७७ मध्ये बनलेली एक चॅसी

१४ मे १९८८, शनिवारची रात्र. केंटकी राज्यात कॅरल्टन गावाजवळ एक बस चर्चच्या मुलांना मनोरंजन पार्कमधून घरी आणत होती. बस जुनी, आधी एका शाळा विभागाकडे होती, नंतर चर्चने घेतलेली. दारू पिऊन उलट्या दिशेने येणाऱ्या एका पिकअप ट्रकने तिला समोरून धडक दिली.

धडकेने बसमधलं कुणीही मेलं नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वाचलं. सस्पेन्शनचा तुटलेला भाग मागे सरकून पेट्रोलच्या टाकीत घुसला. टाकी पुढच्या दाराच्या मागेच होती आणि तिच्याभोवती संरक्षक पिंजरा नव्हता. आग लागली. पुढचं दार अडकलं. उरलं मागचं आपत्कालीन दार, आणि तिथवर जाणारी सीटमधली अरुंद वाट. सीटचा फोम पेटून विषारी धूर झाला. बसमध्ये ड्रायव्हर धरून ६७ जण होते. २७ गेले, त्यांतली २४ मुलं. मृत्यू आगीने आणि धुराने झाले.

चौकशीत बसच्या जन्माची तारीख निघाली. चॅसी मार्च १९७७ मध्ये बनली होती. नवे नियम लागू व्हायला अगदी थोडे दिवस बाकी होते. त्यामुळे इंधनाच्या टाकीचा नवा नियम तिला लागला नाही.

आता मागची दोन पानं डोळ्यांसमोर ठेवा. मूळ मुदत २६ ऑक्टोबर १९७६ होती. ती हलली नसती तर मार्च १९७७ ची चॅसी नव्या नियमांखाली आली असती. ती बस नेमकी त्या पाच महिन्यांच्या फटीत जन्मली आणि अकरा वर्षांनी त्या फटीची किंमत मुलांनी मोजली.

इथे इतिहासकाराने स्वतःला आवरायला हवं. 'मुदत वाढली नसती तर ही मुलं वाचली असती' असं मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका. टाकीला पिंजरा असता तर ती फुटलीच नसती का, हे कागद सांगत नाही. शिवाय बाहेर पडायच्या जास्त वाटांची सक्ती १९७७ च्या नियमांतही नव्हती. ती सुधारणा १९९२ मध्ये झाली, कॅरल्टननंतर. म्हणजे इथे मात्र 'अपघात आधी, नियम नंतर' हा क्रम खरा आहे. एकाच अपघातात दोन धागे आहेत : एक नियम जो आधीच होता पण त्या बसपर्यंत पोचला नाही, आणि एक नियम जो त्या अपघातातून आला. 'अपघात झाला म्हणून कायदा झाला' असं सरसकट लिहिलं की हे दोन्ही एकमेकांत विरघळतात. आणि दारू पिऊन गाडी चालवणारा माणूस तर त्या वाक्यातून पूर्णच निसटतो.

तर 'कुठली तारीख?' या शेऱ्याचं उत्तर असं. एका नियमाला कमीत कमी चार तारखा असतात. तो सुचला कधी, मंजूर झाला कधी, लागू झाला कधी, आणि ज्यांना तो लागू नव्हता त्या जुन्या गाड्या रस्त्यावरून गेल्या कधी. सीटच्या बाबतीत पहिली तारीख १९६७, दुसरी १९७४ ते ७६, तिसरी १९७७. चौथीला साल नाही. ती एकेका बसगणिक वेगळी आहे.

बसच्या बाहेर

आतापर्यंत आपण बसच्या आत होतो. बहुतेक लेख तिथेच राहतात, कारण आत लोखंड, सीट, टाकी अशा मोजता येणाऱ्या वस्तू आहेत. पण मूल बसमध्ये दिवसातला थोडाच वेळ बसतं आणि त्याच्या आधी-नंतर त्याला रस्ता ओलांडायचा असतो.

कॅन्ससचं शिक्षण खातं १९७० पासून दरवर्षी देशभरातून एक माहिती गोळा करतं : बसमध्ये चढताना-उतरताना किती मुलं गेली. १९७० च्या दशकात हा आकडा वर्षाला डझनांत मोजावा लागे. अलीकडे बऱ्याच वर्षी तो एक आकडी किंवा त्याच्या जवळपास असतो. या नोंदींतली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. यांतल्या बऱ्याच मुलांना दुसऱ्या कुणाच्या गाडीने नाही, त्यांच्याच बसने चिरडलं. लहान मूल, पाच ते आठ वर्षांचं, हातातला कागद खाली पडला म्हणून बसच्या पुढ्यात वाकतं आणि उंच बॉनेटमागच्या ड्रायव्हरला ते दिसत नाही. बसच्या पुढच्या बंपरला दारासारखा उघडणारा लांब दांडा तुम्ही फोटोत पाहिला असेल. मुलाने बसपासून लांबून वळसा घालावा, म्हणजे ड्रायव्हरच्या नजरेत राहावं, एवढंच त्या दांड्याचं काम.

मग येतात बाकीचे गाडीवाले. बसचे लाल दिवे लुकलुकू लागले, बाजूचा 'स्टॉप'चा फलक बाहेर आला की मागच्यांनी थांबायचं आणि दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. हे कायदे राज्यांचे, त्यामुळे बारकावे राज्यागणिक वेगळे. दुभाजक असेल तर समोरच्यांना बहुतेक राज्यांत सूट आहे. नव्या बसवर स्टॉपचा फलक असलाच पाहिजे, ही केंद्राची सक्ती सप्टेंबर १९९२ पासूनची.

फरक लक्षात घ्या. सीटचा नियम कारखान्याने पाळला की संपलं. स्टॉपचा नियम रोज, प्रत्येक थांब्यावर, प्रत्येक अनोळखी गाडीवाल्याने पाळायचा असतो. तिथे 'लागू झाला' ही तारीख जवळजवळ निरर्थक होते. २०११ मध्ये राज्यांच्या शालेय परिवहन संचालकांच्या राष्ट्रीय संघटनेने एका दिवसाची मोजणी केली. २८ राज्यांतल्या सुमारे १,१२,००० बसचालकांनी त्या एका दिवसात ७६,६८५ गाड्या थांबलेल्या बसला बेकायदा ओलांडून गेल्याचं नोंदवलं.

हा आकडा तुमच्या प्रकरणात कसा वापराल? घाईने १८० शाळेच्या दिवसांनी गुणून 'वर्षाला एक कोटी अडतीस लाख' असं लिहाल? तसं लिहिणारे आहेत. पण मोजणारे कोण? स्वतः बसचालक. तेही भाग घेतलेल्या राज्यांतले. आणि 'ओलांडून गेली' याचा अर्थ 'अपघात झाला' असा होत नाही. आकडा खोटा नाही, त्याच्याकडून त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त वदवून घेऊ नका, एवढंच.

आणखी एक. केंद्राची रस्त्यावरच्या मृत्यूंची नोंदणी १९७५ पासून आहे. तिच्यात 'शालेय वाहतुकीशी संबंधित' मृत्यू पाहिले तर त्यांत सर्वांत जास्त माणसं बसमधली नसतात, ती बसशी टक्कर झालेल्या दुसऱ्या गाड्यांतली असतात. कॅन्ससची यादी मात्र फक्त चढताना-उतरताना गेलेल्या मुलांची. दोन्हीवर शीर्षक 'स्कूल बसचे अपघात' असंच लावता येतं आणि दोन्हीतून चित्र पूर्ण वेगळं निघतं. पहिल्यात गाडीवाला मरतो, दुसऱ्यात गाडीवाला मारतो. कोणता आकडा कशाचा आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडच्या स्कूल बसचा इतिहास लिहायला घेतलात तर कागद कुठे शोधाल? मजा बघा. दिल्लीत १८ नोव्हेंबर १९९७ रोजी शाळेची बस वझीराबाद पुलावरून यमुनेत कोसळली. पंचवीसहून जास्त मुलं गेली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आदेश दिले : पुढे-मागे 'स्कूल बस' लिहा, वेग नियंत्रक लावा, प्रथमोपचार पेटी ठेवा, दाराला भरवशाचं कुलूप हवं, सोबत मदतनीस हवा, खिडक्यांना आडव्या सळया हव्यात. हे आदेश आहेत एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेत, आणि ती याचिका होती दिल्लीतल्या वाहनांच्या प्रदूषणाबद्दल! ग्रंथालयात 'शालेय वाहतूक' या विषयाखाली शोधत बसलात तर ते हाती लागायचे नाहीत. विषयाचं नाव आणि कागदाचं नाव एकच असेल, असं धरून चालू नका.

त्या आडव्या सळयांकडे पुन्हा एकदा बघा. मुलाने डोकं-हात बाहेर काढू नये, बाहेर पडू नये, हा त्यामागचा विचार उघड आहे. कॅरल्टनमध्ये मात्र प्रश्न बरोब्बर उलटा होता, मुलांना बाहेर पडता आलं नाही. खिडकी तीच, धोके दोन. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणता धोका होता, हे शोधणं म्हणजे इतिहासाचं काम. सळया चूक की बरोबर हा निवाडा इंजिनिअरचा.

महाराष्ट्राने २०११ मध्ये स्कूल बससाठी स्वतंत्र नियम केले. त्यांत प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी अशी तरतूद आहे. समिती म्हटलं की सभा आल्या, आणि सभा म्हटलं की इतिवृत्तं. ती लिहिली जातात का, काय लिहिलं जातं, कोणत्या महिन्यात 'वरीलप्रमाणे' म्हणून सही होते, हे एखाद्या तालुक्यापुरतं कुणी पाहिलं तर पीएचडीची दोन प्रकरणं निघतील. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांना शाळेत नेणारे रिक्षावाले काका? 'स्कूल बस' या शब्दात ते मावत नाहीत. नियमाने केलेली व्याख्या तीच आपल्या अभ्यासाची व्याख्या करून टाकली, तर दप्तरं बाहेर लटकवून जाणारी ती रिक्षा आपल्या प्रबंधातून गायब होते. मुलं मात्र तिच्यातच बसलेली असतात.

आता तुमची वही काढा

तुमचा विषय बसचा नसेल. पाणीवाटपाचा असेल, मध्यान्ह भोजनाचा असेल, कापड गिरणीतल्या पाळण्याचा असेल. तरी हे करून बघा. पानावर चार रकाने आखा : सुचलं, मंजूर, लागू, प्रत्यक्षात. तुमच्या विषयातल्या सर्वांत महत्त्वाच्या एकाच नियमाच्या चार तारखा भरा. पहिले तीन रकाने ग्रंथालयात भरतील. चौथ्यासाठी बाहेर पडावं लागेल, जुनी गाडी, जुनं रजिस्टर, निवृत्त झालेला कारकून शोधावा लागेल. तो रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण तो रिकामा आहे हे प्रबंधात लिहा.

मग दोन रकान्यांमधलं अंतर मोजा. त्या अंतरात कोण होतं, हा तुमचा संशोधन प्रश्न. कॅरल्टनच्या बाबतीत दोन तारखांमध्ये पाच महिने होते आणि त्या पाच महिन्यांत कारखान्यातून एक चॅसी बाहेर पडली होती.

माझा तो मसुदा अजून फाईलला आहे. 'कुठली तारीख?' हे पेन्सिलचे शब्द पुसट झालेत. मी त्यांच्यावर पेन फिरवून ठेवलंय.